संजाणच्या मधुमतीचे अन्नछत्र

रमजानमध्ये कोकण किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात मगरिबच्या अजानाआधीची पंधरा मिनिटे साधारण सारखीच असतात. मशिदीच्या ओट्यावर दस्तरखान अंथरले जाते. खजूर, कापलेले कलिंगड, कांदाभजी आणि सरबताचे पेले मांडले जातात. एखादा पोरगा झाकलेले ताट घेऊन धावत येतो आणि आईचा निरोप सांगून तसाच परत पळतो. वाटेने जाणारा कुणी परका दिसला, तर त्यालाही हाक मारून बसवून घेतात. रोजा आहे का, असे त्याला कुणी विचारत नाही.

अशाच एखाद्या पंक्तीत, नाहीतर शाळेच्या स्टाफरूममध्ये, नाहीतर एसटीच्या बाकावर एक प्रश्न कधी ना कधी निघतोच : ‘तुम्ही लोक कोकणात आलात कधी हो?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसते. उत्तर देणारा मात्र गडबडतो. कुणी अरबस्तानातल्या पूर्वजांची ऐकीव हकिगत सांगतो, कुणी आजोबांच्या खोतीच्या गोष्टी काढतो, कुणी चहा मागवून विषय बदलतो.

या प्रश्नाचे एक उत्तर सुमारे अकराशे वर्षांपूर्वी तांब्यावर कोरून ठेवलेले आहे. ते अरबीत किंवा फारसीत नाही, चक्क संस्कृतात आहे. त्यात लढाईचा उल्लेख आहे, पण तो थोडक्यात. त्यातल्या अधिकाऱ्याची खरी ओळख सांगितली आहे ती दोन कामांनी. त्याने प्रवाह ओलांडायला फुकट नाव ठेवली आणि फुकट जेवणाचे सत्र चालवले.

चिंचणीच्या मातीतून

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात चिंचणी हे समुद्रकाठचे गाव आहे. गेल्या शतकाच्या मध्याला इथल्या जमिनीतून ताम्रपटांचा एक संच निघाला. त्यात पाच वेगवेगळी दानपत्रे होती. थोर पुराभिलेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी ती वाचली आणि ‘एपिग्राफिया इंडिका’च्या बत्तिसाव्या खंडात प्रसिद्ध केली. त्यातले सर्वांत जुने दानपत्र शके ८४८ चे, म्हणजे इ.स. ९२६ चे आहे. हिजरी कालगणनेत हा काळ ३१३-३१४ चा येतो.

तेव्हा कोकणासह दख्खनच्या मोठ्या भागावर राष्ट्रकूटांचे राज्य होते. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातले मळखेड. गादीवर तिसरा इंद्र होता. उत्तर कोकणातल्या ‘संयान मंडला’चा कारभार त्याच्या वतीने एक प्रांताधिकारी पाहत असे. संयान म्हणजे आजचे संजाण. चिंचणीहून उत्तरेला, महाराष्ट्राची हद्द ओलांडली की गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात ते लागते. पारशी समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज इराणहून येऊन ज्या बंदरात उतरले, तेच हे गाव.

या प्रांताधिकाऱ्याचे नाव ताम्रपटात ‘मधुमति’ असे आहे. आजच्या वाचकाला या नावाने बिमल रॉय यांचा सिनेमा आठवेल. पण हा मधुमति पुरुष होता. त्याचे दुसरे नाव ‘सुगतिप’. वडिलांचे नाव ‘साहियारहार’. आणि तो ‘ताजिक’ कुळातला होता. ताजिक हा शब्द संस्कृत लेखांत अरबस्तान-इराणकडून आलेल्या लोकांसाठी वापरला जाई. आपल्याकडे वर्षफळ मांडण्याच्या पद्धतीला आजही ‘ताजिक’ म्हणतात, कारण ती विद्या त्याच वाटेने आली.

ही माहिती एकत्र ठेवून सरकार यांनी उलगडा केला. मधुमति म्हणजे मुहम्मद, आणि साहियारहार म्हणजे शहरियार. राष्ट्रकूट राजाच्या लेखनिकाला मुहम्मद हे नाव कोरायचे होते. त्याने ते कानाला लागले तसे घेतले आणि संस्कृतच्या साच्यात बसवले. त्यातून तयार झाले ते परके वाटणारे नाव नव्हते. मध आणि मती या दोन गोड शब्दांची जोडी होती. कोकणातल्या आक्षीचा मराठी शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानतात. त्याच्याही आधी, मराठी दगडावर उमटू लागण्यापूर्वीच, मुहम्मद या नावाला या किनाऱ्याने आपल्या जिभेचे वळण दिलेले होते.

शाबूत राहिलेली मशीद

मधुमतीच्या आधी या किनाऱ्यावर काय घडले, हे सांगणारी एक जुनी नोंद आहे. नवव्या शतकातला अरब इतिहासकार अल-बलाजुरी याने ‘सिंदान’ नावाच्या बंदराची हकिगत दिली आहे. अनेक अभ्यासक सिंदान म्हणजे संजाणच मानतात. खलिफा मामूनच्या काळात फजल बिन माहान नावाच्या एका माणसाने हे बंदर जिंकले, तिथे जामा मशीद बांधली आणि खलिफाला एक हत्ती नजर केला. पुढे या घराण्यातल्या भावाभावांत भांडण लागले आणि स्थानिकांनी सिंदान परत घेतले.

म्हणजे सुरुवात तलवारीनेच झाली होती, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. पण अल-बलाजुरीच्या नोंदीत पुढचे वाक्य जास्त महत्त्वाचे आहे. तो लिहितो की बंदर परत घेतल्यावर तिथल्या लोकांनी मशिदीला हात लावला नाही. मुसलमान तिथे जुम्याला जमत आणि खलिफासाठी दुआ मागत.

जिंकणारे हरले, त्यांची सत्ता गेली, त्यांच्या पाठीशी कुणी उरले नाही, आणि तरीही त्यांची मशीद शाबूत राहिली. ज्यांनी ती राखली त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. ही गोष्ट नवव्या शतकातली. तिच्यानंतर शंभर वर्षांच्या आत त्याच किनाऱ्यावर मधुमति कारभारी झाला. तो कुणाला जिंकून नव्हे, तर राष्ट्रकूट राजाच्या नेमणुकीने.

दोन प्रवाहांवरची तर

ताम्रपट सांगतो की मधुमतीला संयान मंडल दिले ते कृष्णराजाने, म्हणजे दुसऱ्या कृष्णाने. त्याची कारकीर्द इ.स. ८७८ ते ९१४ अशी मानतात. मधुमतीने आपल्या धन्यासाठी आसपासच्या सगळ्या ‘वेलाकुलां’चे, म्हणजे बंदरांचे, सरदार नमवले आणि तिथे आपली माणसे बसवली. म्हणजे तो साधुसंत नव्हता. राजाचा हुकूम बजावणारा, गरज पडेल तेव्हा बळ वापरणारा अधिकारी होता. राष्ट्रकूटांना समुद्रावरचा व्यापार हवा होता आणि त्यासाठी समुद्र ओळखणारा, पलीकडच्या व्यापाऱ्यांची भाषा जाणणारा माणूस सोयीचा होता.

पण नेमणूक झाल्यावर त्याने काय केले, हे पाहायला हवे. ताम्रपटाने त्याची दोन कामे नोंदवली आहेत. एक, दोन प्रवाहांवर लोकांसाठी फुकट नाव. दुसरे, संयानमध्ये सत्र. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मोफत मिळे.

कोकणात राहणाऱ्याला यातल्या पहिल्या कामाचे मोल समजावून सांगावे लागत नाही. ही भूमी खाड्यांनी चिरलेली आहे. समोरचे गाव डोळ्यांना दिसते, तिथल्या चुलीचा धूर दिसतो, पण मध्ये पाणी असते. पूल झाले ते अलीकडे. त्याआधी ‘तर’ हेच एक साधन होते. आजही दाभोळहून पलीकडे धोपाव्याला जायचे तर फेरीबोट धरावी लागते. तरीचे पैसे ज्याच्याकडे नाहीत, त्याच्यासाठी खाडी म्हणजे भिंतच. बाळंतपणाला निघालेली लेक, बाजाराला निघालेला शेतकरी, मजुरीला निघालेला माणूस, सगळ्यांची वाट त्या काठावर अडते. फुकट नाव म्हणजे नुसती दया नव्हे. तो कारभार आहे.

इस्लाममध्ये ‘सदका-ए-जारिया’ अशी एक कल्पना आहे. देणारा निघून गेला तरी ज्याचा उपयोग लोकांना होत राहतो, असे दान. विहीर खोदणे, झाड लावणे, रस्ता करणे, विद्या शिकवणे ही त्याची नेहमीची उदाहरणे. मधुमतीची नाव या यादीत सहज बसते. आपल्याकडच्या धर्मशास्त्रात यालाच ‘पूर्त’ म्हणतात : तळी, विहिरी, बागा, अन्नछत्रे. दोन परंपरांनी एकाच कामाला दोन नावे दिली आहेत. संयानच्या काठावर नावेत चढणाऱ्याला त्यातले कुठले नाव बरोबर, असा प्रश्न पडला नसावा.

देवीचा मठ आणि अधिकाऱ्याची सही

ताम्रपट मुळात कोरला गेला तो मात्र नाव किंवा सत्रासाठी नव्हे. तो एका जमिनीच्या दानाचा कागद आहे आणि तिथेच ही गोष्ट सर्वांत रंजक होते.

संयानमध्ये अण्णैय नावाच्या ब्राह्मणाने भगवती देवीसाठी एक मठिका, म्हणजे छोटा मठ, बांधला. ताम्रपटात देवीचे नाव ‘दशमी’ असे येते. अण्णैय हा पुव्वैय नावाच्या मंत्र्याचा मित्र. मठाच्या डागडुजीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी आणि तिथल्या नऊ जणांच्या जेवणासाठी उत्पन्नाची सोय हवी होती. ती मधुमतीने केली. राजाच्या संमतीने त्याने कानाडुक नावाचे गाव आणि देवीहर गावातली काही जमीन मठाला लावून दिली.

थोडक्यात, शहरियारचा मुलगा मुहम्मद याने इ.स. ९२६ मध्ये देवीच्या मठाला गाव दिले आणि त्याची नोंद संस्कृतात तांब्यावर झाली.

ही गोष्ट ऐकून आज दोन्हीकडची माणसे थोडी अवघडतात. काही मुसलमान वाचक विचारतात, मुसलमानाने देवीच्या नैवेद्याची सोय कशी केली? काही हिंदू वाचक विचारतात, हे खरे असेल तर शाळेत कसे शिकवले नाही? दोघांच्या अवघडण्यामागे एकच समजूत आहे. एका धर्माच्या अधिकाऱ्याने दुसऱ्या धर्माच्या माणसाचे काम केले, तर त्याने आपले काहीतरी सोडले असणार, असे दोघेही धरून चालतात.

ताम्रपट नीट वाचला तर तसे काही दिसत नाही. मधुमतीने नाव बदलले नाही, ते लेखनिकाने आपल्या कानाप्रमाणे लिहिले. कुळ लपवले नाही, ताजिक असल्याचे उघड कोरले. त्याची प्रजा बहुतांश हिंदू होती. त्यातला एक जण रीतसर काम घेऊन आला आणि अधिकाऱ्याने ते रीतसर पार पाडले. जेवणाची सोय मागायला आलेल्या ब्राह्मणाचे काम करणे हे त्याच्या पदाचे कर्तव्य होते. रोजा-नमाज त्याची त्याच्यापाशी आणि प्रजेचे देणे प्रजेला. आज तालुक्याच्या कचेरीत एखाद्या रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही यापेक्षा वेगळे काही नको असते.

या मठाची पुढची कहाणीही बोलकी आहे. संयानमध्ये भिनमाळहून आलेल्या व्यापाऱ्यांनी विष्णूचे एक मंदिर बांधले होते. मठ आणि हे मंदिर यांच्यात जागेवरून वाद झाला. तिसऱ्या कृष्णाच्या काळातल्या ताम्रपटात त्याचा निकाल आहे : मठाने मंदिराला दरवर्षी चाळीस द्रम्म द्यावेत. म्हणजे भांडणे तेव्हाही होती. पण या कागदातले भांडण धर्माधर्माचे नव्हते. कुंपणाचे आणि भाड्याचे होते, आणि पैसे ठरवून ते मिटवले गेले.

घाण्याचे तेल

राष्ट्रकूट गेले आणि कोकणात शिलाहार आले. चिंचणीच्या ताम्रपटांपैकी एक शके ९५६ चा, म्हणजे इ.स. १०३४ चा आहे. शिलाहार राजा छित्तराजाचा मांडलिक चामुंडराज याने संयानच्या मठाला तेलाचा घाणा दिला. देवीपुढचा दिवा तेवत राहावा आणि मठात येणाऱ्या विद्वानांच्या पायांना तेल लावता यावे, यासाठी. लांबून चालत आलेल्याचे पाय तेलाने चोळणे ही आपल्याकडची जुनी पाहुणचाराची रीत. तिचा उल्लेख तांब्यावर सापडतो, हेही विशेष.

दानपत्रात गावातल्या मान्यवरांना उद्देशून हुकूम सांगण्याची पद्धत असे. या दानपत्रातल्या नावांत ‘अल्लिय’ आणि ‘मधुमत’ ही नावे आहेत. अभ्यासकांनी त्यांत अली आणि मुहम्मद ओळखले आहेत. म्हणजे पहिल्या मधुमतीला शंभर वर्षे उलटल्यावरही या किनाऱ्यावरचे मुसलमान नगरातले प्रतिष्ठित म्हणून बसत होते आणि देवीच्या दिव्याच्या तेलाचा निर्णय त्यांनाही कळवला जात होता.

याच लेखात ‘हंजमान’ हा शब्द येतो. तो फारसी ‘अंजुमन’चा संस्कृत अवतार. संजाणच्या पारशी समाजाच्या पंचायतीचा हा उल्लेख असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. हाच अंजुमन शब्द आज मुंबईपासून गावोगावच्या मुस्लिम शिक्षणसंस्थांच्या पाट्यांवर आहे. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम १८७४ सालची. पाटी वाचणाऱ्याला तो शब्द उर्दू वाटतो. पण कोकणात तो हजार वर्षांपूर्वी संस्कृत दानपत्रात येऊन बसला होता.

चौलची दहा हजार माणसे

संजाण ही एकटीदुकटी गोष्ट नव्हती. त्याच काळात दक्षिणेला, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चौल बंदरात मुसलमानांची मोठी वस्ती होती. बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास इथे आला होता. अरब चौलला ‘सैमूर’ म्हणत. ठाणे आणि सोपारा ही बंदरेही त्यांना ठाऊक होती. राष्ट्रकूट राजाला ते ‘बल्हरा’ म्हणत. तो वल्लभराज या पदवीचा अरबी उच्चार.

मसूदी सांगतो की सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले होते, तसे ‘बयासिरा’ही होते. बयासिरा म्हणजे मुसलमान आईबापांच्या पोटी इथेच जन्मलेले. दहाव्या शतकाच्या सुरुवातीलाच चौलमध्ये इथल्याच मातीत जन्मलेल्या मुसलमानांसाठी वेगळा शब्द लागत होता, यावरून ‘कधी आलात?’ या प्रश्नाचा अंदाज करता येतो.

या वस्तीच्या आपापसातल्या तंट्यांचा निवाडा करायला एक प्रमुख असे. त्याला ‘हुनरमन’ म्हणत. त्याची नेमणूक राजाच्या मान्यतेने होई. बुजुर्ग बिन शहरियार या नाखुदाच्या नावावर असलेल्या समुद्रकथांत सैमूरच्या अशाच एका हुनरमनचे नाव अब्बास बिन माहान असे येते. मसूदी आणि त्याच्या आगेमागे आलेले अरब लेखक एका बाबतीत एकमताने बोलतात : बल्हराच्या राज्यात मुसलमानांना मान होता आणि त्यांच्या मशिदी नमाज्यांनी भरलेल्या असत.

चौलहून अलिबागच्या रस्त्याला लागले की नागाव येते. तिथे हंबीरराव या राजाच्या काळातला एक मराठी शिलालेख आहे. त्यावर दोन साले शेजारी शेजारी कोरली आहेत : हिजरी ७६९ आणि शके १२८९. इ.स. १३६७ चा हा दगड. आज रमजानच्या चंद्राची तारीख बघायला घराघरात जे दुहेरी तारखांचे कॅलेंडर लावतात, त्याचा हा दगडी पूर्वज म्हणायला हरकत नाही. हिंदू राजाच्या मराठी लेखात हिजरी साल आले, कारण तो लेख वाचणाऱ्यांत ते साल मोजणारी माणसे होती.

शब्दांचा मुक्काम

दगड आणि तांबे संग्रहालयात किंवा शेताच्या कडेला राहतात. शब्द मात्र माणसांबरोबर राहतात. कोकणच्या समुद्राची मराठी ऐकली की हा इतिहास रोजच्या बोलण्यात सापडतो. ‘बंदर’ आणि ‘दर्या’ फारसीतून आले. ‘सुकाणू’मागे अरबी सुक्कान आहे. ‘खलाशी’ अरबीतला. ‘मोसम’ अरबीतला. त्याच मोसमाला पाश्चात्त्यांनी मान्सून केले. ‘नाखवा’ म्हणजे फारसी नाखुदा, नावेचा धनी. कोळीवाड्यातला हिंदू नाखवा आणि मोहल्ल्यातला मुसलमान नाखवा दोघेही हा शब्द आपलाच मानतात, आणि दोघांचेही बरोबर आहे.

उलट बाजूने कोकणी मुसलमानांच्या घरात पाहावे. आडनावे गावावरून पडलेली, ‘कर’ने संपणारी. कुणी सारंग, कुणी मुकादम, कुणी खोत, कुणी नाईक. मोहल्ल्यात बोलली जाणारी कोकणी मराठीच्या कुशीतली आहे. आजी नातवाला रागावते ती याच भाषेत आणि मय्यतीच्या घरी समजूत काढतात ती याच भाषेत. सहरीला ताटात तांदळाची भाकरी आणि नारळाचा रस घातलेले माशाचे कालवण असते. या लोकांनीही पुढे समुद्र ओलांडला. रायगड-रत्नागिरीच्या गावांतून निघालेले कोकणी मुसलमान केपटाऊनपर्यंत गेले आणि तिथे आजही आपल्याला ‘कोकणी’ म्हणवतात. परक्या देशात त्यांनी ओळख सांगितली ती आपल्या किनाऱ्याच्या नावाने.

ताम्रपटाला काय आठवले

हे सगळे सांगण्यामागे ‘आम्ही फार जुने’ असा दावा नाही. जुनेपणाने कुणाचा हक्क वाढत नाही. कालच्या गाडीने आलेल्या मजुरालाही या देशात तितकाच मान मिळायला हवा. शिवाय या किनाऱ्याने पुढे लढाया पाहिल्या, मोडतोड पाहिली, एकमेकांच्या नावाने धरलेली अढी पाहिली. तेही खरेच आहे. संजाणच्या एका ताम्रपटाने ते पुसले जात नाही आणि पुसू नये.

पण माणूस गेल्यावर त्याचे काय टिकते, याचा एक पुरावा हा ताम्रपट देतो. मधुमतीकडे फौज होती, बंदरे होती, अधिकार होता. त्याचा वाडा कुठे होता, हे आज संजाणमध्ये कुणी दाखवू शकत नाही. त्याचे नाव उरले ते तीन गोष्टींमुळे : नाव, सत्र आणि शेजाऱ्याच्या देवीला दिलेले गाव. लिहिणाऱ्याने त्याच्या सत्रात काय वाढले जाई, हेसुद्धा नोंदवले. भात, कालवण, तूप. सरकारी कागदात जेवणाचा बेत येतो तेव्हा ते जेवण खरोखर लोकांच्या पोटात जात होते, असे मानायला जागा आहे.

रमजान हा महिना भुकेची ओळख करून देतो. दिवसभर पाणीही न घेतलेल्या माणसाला संध्याकाळी समजते की दुसऱ्याची भूक म्हणजे काय. म्हणून याच महिन्यात जकातीचा हिशेब होतो आणि ईदच्या नमाजाआधी फितरा दिला जातो. फितऱ्याचे जुने माप धान्याचेच आहे. सणाच्या दिवशी कुणाची चूल थंड राहू नये, एवढाच त्याचा हेतू. गरिबाला, अनाथाला आणि कैद्याला जेवू घालणारे लोक कुरआनात वाखाणले आहेत. ते मोबदला मागत नाहीत आणि आभाराचीही अपेक्षा ठेवत नाहीत.

अलीकडे इफ्तारच्या दावती वाढल्या. त्यांत पुढाऱ्यांच्या खुर्च्या असतात, बॅनर असतात, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो असतात. भेटीगाठी होतात, त्या होऊ द्याव्यात. पण गावच्या सरकारी दवाखान्याबाहेर संध्याकाळी रुग्णाचा नातेवाईक भजीच्या गाडीकडे बघत खिसा चाचपत उभा असतो. एसटी स्टँडवर शेवटची गाडी चुकलेले कुटुंब बसलेले असते. त्यांच्यापर्यंत डबा पोचवणारी तरुण पोरे अनेक गावांत आहेत, मोहल्ल्यातली आहेत आणि आळीतलीही आहेत. त्यांच्या कामाचा कुणी फोटो काढत नाही. संजाणच्या सत्राशी खरे नाते त्यांचे आहे.

आणि तो नेहमीचा प्रश्न पुन्हा कुणी विचारलाच, तर गडबडून जायचे कारण नाही. उत्तर सोपे आहे. शके ८४८ मध्ये इथे एक मुहम्मद होता. गाव त्याला मधुमति म्हणत असे. त्याने खाडीवर नाव ठेवली होती आणि त्याच्याकडे जेवायला तूपभात मिळत असे. बाकीच्या गप्पा ताट समोर आल्यावर करता येतील. अजान व्हायला थोडाच वेळ उरला आहे.